शेवटच्या बाकावरचा आवाज

गेले चार रविवार मी सकाळी लवकर उठून, आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून घराबाहेर पडतोय. आईला आधी वाटलं, पोराने परस्पर कुठेतरी मुलगी बघितली. तसं काही नाही (अरेरे!). मी पुण्यातल्या एका मराठी चर्चमध्ये पियानो वाजवायला जातोय.

झालं असं, की हापिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या मित्राची मावशी त्या चर्चमध्ये गेली तीसेक वर्षं पियानो वाजवते. ती बाथरूममध्ये घसरली आणि मनगट फ्रॅक्चर. सहा आठवडे प्लास्टर. मित्राला आठवलं, की मी कंपनीच्या वार्षिक कार्यक्रमात कीबोर्ड बडवला होता. "चार गाणी तर आहेत रे. नोटेशन बघून वाजवायचं. तुला काय अवघड?" मी म्हटलं, अरे, मी चर्चमध्ये कधी पाऊल टाकलेलं नाही, शाळेत असताना पियानोच्या चार परीक्षा दिल्या तेवढंच. तर म्हणे, पाळकसाहेबांना विचारलंय, ते म्हणाले वाजवता येत असेल तर आजच पाठव.

आठवडाभर रोज रात्री तयारी केली. मेट्रोनोम ८४ वर लावून, एकही सूर न चुकता. रविवारी पहिलं गीत सुरू झालं. सुरुवातीच्या चार सुरांत माझ्या लक्षात आलं, की लोक माझ्या किंचित मागे आहेत. मी सभ्य माणूस. थोडा थांबलो. मग ते आणखी मागे गेले. मी आणखी थांबलो. चौथ्या कडव्यापर्यंत ८४ चं ५५ झालं असावं. पहिल्या बाकावरची एक छोटी मुलगी चक्क जांभई देत होती. शेवटचा सूर संपला तेव्हा ट्रॅफिकमध्ये अडकलेली बस एकदाची स्टॉपवर लागावी तसं सगळ्यांना हायसं वाटलं.

उपासना संपल्यावर मावशी गळ्यात हात अडकवलेल्या अवस्थेत जवळ आल्या. म्हणाल्या, "सूर सगळे बरोबर होते हो तुझे. पण तू त्यांच्यासाठी थांबत होतास आणि ते तुझ्यासाठी. मग पुढे जाणार कोण?" मी काहीतरी पुटपुटलो. मग त्यांनी विचारलं, "वाजवताना शब्द म्हणत होतास का मनात?"

"नाही मावशी, मी नोटेशन बघत होतो."

"मग त्यांना श्वास कुठे लागतो ते तुला कळणार कसं?"

झालं. डोक्यात किडा गेला. पुढचा सगळा विकांत वाचण्यात गेला आणि त्यातून जे कळलं ते असं: माझ्याकडून चार मिनिटांत जी गडबड झाली, तीच इंग्लंड आणि अमेरिकेतल्या चर्चमध्ये शंभराहून जास्त वर्षं चालू होती. आणि ती दुरुस्त करायला म्हणून जी जी वाद्यं आणली, त्या प्रत्येकावरून भांडणं झाली. तर मंडळी (चर्चमध्ये जमलेल्या सगळ्या लोकांना मिळून 'मंडळी'च म्हणतात, त्यामुळे हा शब्द मला आता जरा वेगळा ऐकू येतो), आजचा लेख त्यावर.

*

गोष्ट सुरू होते सोळाव्या शतकात. त्याआधी युरोपातल्या चर्चमध्ये गाणं मुख्यतः धर्मगुरूंचं आणि तयार गायकांचं, तेही लॅटिनमध्ये. सुधारणावाद्यांनी उपासना लोकांच्या भाषेत आणली. मार्टिन ल्यूथरला संगीत प्रिय होतं, त्याने लोकांना जर्मनमध्ये गायला लावलं. स्वित्झर्लंडमध्ये झुरिकच्या झ्विंग्लीने मात्र १५२५ साली उपासनेतून संगीतच काढून टाकलं. गंमत म्हणजे तो स्वतः उत्तम वादक होता, अनेक वाद्यं वाजवायचा. कदाचित म्हणूनच त्याला संगीताची भीती वाटली असेल. झुरिकमध्ये चर्चमधलं गाणं परत यायला १५९८ उजाडलं.

जिनिव्हाच्या कॅल्व्हिनने मधला मार्ग काढला. बायबलमधली स्तोत्रं छंदात बसवायची, लोकांनी एका सुरात गायची, पण वाद्य नाही. चाली करणारा मुख्य माणूस लुई बूर्झ्वा. छापलेल्या स्तोत्रांच्या चाली परवानगीशिवाय बदलल्या म्हणून १५५१ च्या डिसेंबरात त्याला तुरुंगात टाकलं होतं! कॅल्व्हिनने मध्ये पडून त्याला सोडवलं. (प्रॉडक्शनवर परस्पर कोड बदलणाऱ्यांनी बोध घ्यावा.) जिनिव्हाचं संपूर्ण स्तोत्रपुस्तक १५६२ साली पूर्ण झालं. या चाली मुळात चांगल्या चटपटीत होत्या. इंग्लंडमध्ये त्यांना चिडवून 'जिनिव्हाचे नाच' म्हणत असत.

आता खरा प्रश्न. या नाचऱ्या चालींचं पुढे काय झालं?

इंग्लंडमध्ये यादवी युद्धाच्या काळात, १६४४ साली, पार्लमेंटने चर्चमधले ऑर्गन काढून टाकण्याचा हुकूम काढला. १६४५ च्या नव्या उपासना-नियमांत असं सांगितलं, की बऱ्याच लोकांना वाचता येत नाही, तेव्हा कुणीतरी एकाने स्तोत्राची एकेक ओळ आधी वाचावी आणि मग सगळ्यांनी ती गावी. ऐकल्यावर मला एकदम आजोबांचं भजनी मंडळ आठवलं. बुवा ओळ सांगतात, बाकीचे उचलतात. पण एक मोठा फरक आहे. भजनात बुवा ओळ सांगत असतात तेव्हा खाली टाळ आणि मृदंग चालूच असतो. ताल कुणासाठी थांबत नाही. इथे टाळ नाही, मृदंग नाही, काहीच नाही. ओळ वाचली की गाणं थांबतं, मग परत सुरू होतं. आमच्या भाषेत सांगायचं तर सिस्टीमला क्लॉकच नाही.

अशा वेळी माणूस काय करतो? शेजारच्याचं ऐकतो. तो पुढचा सूर घेतोय का बघतो आणि मग आपण घेतो. पण शेजारीही तेच करत असतो. प्रत्येकजण निमिषभर थांबतो आणि ते निमिष साठत जातं. निकोलस टेंपर्ली नावाच्या संगीत-इतिहासकाराने १९८१ मध्ये यावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की मोठा समूह वाद्याशिवाय आणि ठाम पुढाऱ्याशिवाय पिढ्यानपिढ्या गात राहिला, की गाण्याची लय आपोआप पडत जाते. एकेक सूर दोन-तीन सेकंद लांबतो. आणि एवढ्या लांब सुरात गप्प उभं राहवत नाही, म्हणून जो तो आपापल्या हरकती घालायला लागतो.

याचा साक्षीदारही आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधला तरुण पाळक टॉमस वॉल्टर याने १७२१ साली गाणं शिकवणारं एक पुस्तक काढलं. त्यात तो वैतागून लिहितो, की चाली अडाणी गळ्यांच्या ताब्यात गेल्या आहेत, एकाच वेळी शेकडो वेगळ्या चाली ओरडल्यासारखं ऐकू येतं आणि त्याला स्वतःला एका सुरात दोनदा श्वास घ्यायला थांबावं लागलंय. एका सुरात दोनदा! माझं ५५ म्हणजे एक्सप्रेस-वेच म्हणायचा.

यामागे अज्ञानाइतकंच कारण साधनांच्या अभावाचंही होतं. याच मॅसॅच्युसेट्समध्ये १६४० साली छापलेलं 'बे साम बुक' हे अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींत छापलेलं पहिलं पुस्तक. ते स्तोत्रांचंच होतं, पण त्यात चाली छापायला १६९८ ची आवृत्ती यावी लागली. अठ्ठावन्न वर्षं लोक ऐकीव चालींवर गात होते. डॉक्युमेंटेशन नसलेला कोड अठ्ठावन्न वर्षांनी कसा दिसतो ते आपल्याला माहीत आहे. :)

वॉल्टर आणि त्याच्यासारख्यांनी नोटेशन शिकवणाऱ्या गाण्याच्या शाळा काढल्या. गावोगावच्या जुन्या लोकांनी विरोध केला. त्यांचा एक मुद्दा असा होता, की आज नोटेशन आणाल, उद्या त्यामागून वाद्यं येतील. लोक त्यांना हसले. पण खरं सांगायचं तर त्यांचा अंदाज शंभर टक्के बरोबर निघाला.

इथे एक कबुली दिली पाहिजे. मी हे सगळं 'बग' म्हणून वाचत होतो. मग यूट्यूबवर स्कॉटलंडच्या लुईस बेटावरचं गेलिक स्तोत्रगायन ऐकलं. तिथे अजून ही पद्धत टिकून आहे. एक माणूस ओळ सांगतो आणि मग शंभरेक गळे त्याच चालीभोवती आपापल्या वाटेने वर-खाली जातात, समुद्राच्या लाटेसारखे. हेडफोन लावून रात्री दीड वाजता ऐकत होतो आणि अंगावर काटा आला. केंटकीतल्या जुन्या बाप्टिस्ट मंडळ्यांतही असंच गातात. वॉल्टरला जो गोंधळ वाटला तो गाणाऱ्यांना गोंधळ वाटत नव्हता. प्रत्येकजण आपलं स्तोत्र आपल्या वेगाने गात होता, पण सगळ्यांच्या सोबत. वाद्य आल्यावर लय आली, पण हे गेलं. तेव्हा 'सुधारणा झाली' असं आता मी जरा दबकतच म्हणतो.

*

वाद्यं परत आली ती सुखासुखी नाही. बॉस्टनचा टॉमस ब्रॅटल हा श्रीमंत व्यापारी १७१३ साली वारला. त्याने आपला ऑर्गन ब्रॅटल स्ट्रीट चर्चला मृत्युपत्राने दिला. चर्चने फुकटचा ऑर्गन नाकारला! शेवटी तो शहरातल्या किंग्ज चॅपलमध्ये गेला. स्कॉटलंडमध्ये १८०७ साली ग्लासगोच्या सेंट अँड्रूज चर्चमध्ये उपासनेत ऑर्गन वाजवला, तर वरिष्ठ मंडळाने बंदी घातली. स्कॉटिश लोकांनी ऑर्गनला एक टोपणनाव दिलं होतं, त्याचा अर्थ होतो 'शिट्ट्यांची पेटी'. हे वाचून मी खुर्चीतच हसलो. कारण आपल्याकडेही पेटीच म्हणतात, आणि तिच्यावरही बंदी आली होती. आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत हार्मोनियमला बाहेर ठेवलं होतं. ते मींड आणि श्रुतींच्या कारणावरून, हे देवाच्या कारणावरून. पण 'पेटी आली की गळा बिघडतो' ही तक्रार दोन्हीकडे ऐकू येते.

इंग्लंडच्या खेड्यांत साधारण १७५० नंतर वेगळाच प्रकार सुरू झाला. चर्चच्या मागच्या माडीवर गावातलेच लोक बसून व्हायोलिन, चेलो, क्लॅरिनेट, बसून ही वाद्यं वाजवायचे आणि गायचे. (यातला पहिला 'बसून' क्रियापद आहे आणि दुसरा वाद्य. माफी असावी.) कादंबरीकार टॉमस हार्डीचे वडील आणि आजोबा अशाच एका वाद्यवृंदात होते. आठवडाभर शेतात किंवा सुतारकाम-गवंडीकाम करायचं आणि रविवारी वाजवायचं. रात्री त्याच वाद्यांवर गावच्या लग्नात नाचाच्या धुना.

एकोणिसाव्या शतकात पाळकांना हे गावंढळ वाटायला लागलं. काही चर्चनी यंत्रच बसवलं. हँडल फिरवायचं की ऑर्गन आपोआप वाजतो. एका नळकांड्यावर साधारण दहा चाली. चक्क प्लेलिस्ट! मग १८४२ साली पॅरिसच्या अलेक्झांद्र देबँने 'हार्मोनियम' या नावाने पेटंट घेतलं. ऑर्गनपेक्षा कितीतरी स्वस्त, खोलीत मावणारा आणि वाजवायला एकच माणूस पुरे. १८६१ मध्ये 'हिम्स एन्शंट अँड मॉडर्न' हे गीतांचं पुस्तक आलं आणि प्रत्येक गीताखाली चार आवाजांची तयार मांडणी छापलेली मिळायला लागली. माडीवरचे वादक घरी गेले. हार्डीने १८७२ मध्ये 'अंडर द ग्रीनवुड ट्री' लिहिली ती नेमकी यावर. नवा पाळक येतो आणि जुन्या वाद्यवृंदाच्या जागी एकट्या तरुणीला ऑर्गनवर बसवतो. कादंबरी विनोदी आहे. पण इतकी वर्षं वर बसून वाजवणारी माणसं खाली लोकांत येऊन बसतात, तेव्हा हात कुठे ठेवायचे हे त्यांना कळत नाही, तो भाग वाचताना वाईट वाटतं. रिलीज नोट्समध्ये आपण 'जुनं मॉड्यूल काढलं' असं एका ओळीत लिहितो. त्या मॉड्यूलमध्ये कुणाचे तरी आजोबा असतात.

अमेरिकेत तर प्रकरण आणखी पेटलं. केंटकीतल्या मिडवे गावात १८६० च्या सुमारास एका मंडळीत छोटा पायपेटीसारखा मेलोडियन आणला. पाळकाचं कारण सरळ होतं, की गाणं इतकं भयानक होतं की उंदीरसुद्धा पळून जातील. पण बायबलच्या नव्या करारात वाद्याचा उल्लेख उपासनेत नाही, म्हणून ते चालणार नाही असं मानणारे तितकेच ठाम होते. हा वाद इतर मतभेदांबरोबर इतका वाढत गेला की १९०६ च्या अमेरिकन धार्मिक गणनेत दोन वेगळे पंथ नोंदले गेले. त्यातले 'चर्चेस ऑफ ख्राइस्ट' बहुतांशी आजही वाद्याशिवाय गातात. लंडनमध्ये स्पर्जन नावाचा प्रचंड लोकप्रिय उपदेशक होता. १८६१ साली उघडलेल्या त्याच्या चर्चमध्ये पाच-सहा हजार माणसं मावायची आणि ती सगळी ऑर्गनशिवाय गायची. त्याचं म्हणणं असं, की यंत्राने देवाची स्तुती करायची तर माणसं कशाला हवीत?

यात मला आधी नुसता हट्टीपणा दिसत होता. नंतर लक्षात आलं, की भीती खरी होती. वाद्य चांगलं वाजायला लागलं की लोक ऐकायला लागतात. आणि ऐकायला लागले की गायचे थांबतात.

*

मग यात पियानो कुठून आला? तो सगळ्यात उशिरा आला आणि तो आला तंबूंतून आणि मोठाल्या सभांतून.

१८७३ साली मूडी आणि सँकी ही अमेरिकन जोडी इंग्लंड-स्कॉटलंडच्या दौऱ्यावर गेली. मूडी बोलायचा, सँकी छोट्या पायपेटीवर बसून गायचा. ज्या एडिंबरोत शिट्ट्यांच्या पेटीला नाकं मुरडत होते, तिथेच त्याला ऐकायला गर्दी लोटली. पण सँकी मुख्यतः एकट्याने गाणारा होता. हजारोंनी एकत्र गायचं तर पायपेटी अपुरी पडते. तिचा सूर हळूच सुरू होतो आणि तसाच रेंगाळतो. सूर नेमका कधी सुरू झाला हे मागच्याला कळत नाही.

इथे थोडं गणित करू. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर. साठ मीटर लांब मांडवात पुढचा सूर शेवटच्या बाकापर्यंत पोचायला सुमारे १७५ मिलिसेकंद लागतात. तिथला माणूस तो ऐकून गातो, त्याचा आवाज परत पुढे यायला आणखी १७५. म्हणजे वाजवणाऱ्याला शेवटचा बाक जवळपास एक तृतीयांश सेकंद उशिरा ऐकू येणार. लय ८४ असेल तर एक मात्रा सुमारे ७१४ मिलिसेकंदांची. म्हणजे अर्धी मात्रा! शेवटच्या बाकावरचा माणूस चुकत नसतो, तो फक्त लांब असतो. पण वाजवणारा त्याच्यासाठी दर ओळीला थांबला तर गाणं बसलंच म्हणून समजा. मावशींनी मला हेच सांगितलं होतं, फक्त मिलिसेकंद न वापरता.

यावर उपाय म्हणजे ठाशीव सुरुवात असलेला आवाज. पियानोत हातोडी तारेवर आपटते. सूर पहिल्या क्षणी सर्वांत मोठा आणि मग विरत जातो. थोडक्यात, त्यात टाळ आहे. आजोबा म्हणायचे, पेटी चुकली तर चालेल, टाळ चुकता कामा नये. दिंडीत शेकडो माणसं पुढे-मागे चालत असतात, तरी अभंग एकत्र राहतो तो टाळामुळे.

१९०२ मध्ये टोरी आणि अलेक्झांडर हे दोघे ऑस्ट्रेलियात सभा घेत होते. बेंडिगो हे सोन्याच्या खाणींचं गाव. तिथे त्यांना रॉबर्ट हार्कनेस नावाचा बाविशीचा पियानिस्ट मिळाला. तो काही भाविक वगैरे नव्हता. त्याची गोष्ट अशी सांगतात, की सरावाला त्याने मुद्दाम खोडी म्हणून पुस्तकातली साधी मांडणी सोडून भरभरून सप्तकं आणि मनाचे तुकडे घालत वाजवलं, म्हणजे अलेक्झांडर वैतागेल. अलेक्झांडर उलट खूश! म्हणाला, असंच हवंय, चालू ठेव. हार्कनेस त्यांच्याबरोबर जगभर फिरला आणि पुढे त्याने गीतं पियानोवर कशी वाजवावी याचा पत्रद्वारे अभ्यासक्रमच काढला.

त्याची युक्ती समजायला सोपी आहे. छापलेली मांडणी चार गळ्यांसाठी असते, चारही सूर मधल्या पट्टीत एकमेकांना चिकटून. ऑर्गनवर ते टिकतात. पियानोवर लगेच विरतात आणि पाचशे लोकांच्या आवाजात बुडून जातात. म्हणून डाव्या हाताने खर्ज एक सप्तक खाली दुहेरी करायचा, उजव्या हाताने चाल वरच्या सप्तकात आणि मध्ये भरणा, आणि जिथे लोक लांब सूर धरून उभे आहेत तिथे आतून मात्रा चालू ठेवायची. लोकांनी सूर धरायचा, पियानोने वेळ धरायची.

पियानो तेव्हा घराघरांत पोचलाही होता. एकट्या १९०९ साली अमेरिकेत साडेतीन लाखांहून जास्त पियानो बनले. त्याच काळात कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये पियानोला वेगळाच जीव आला. टेक्ससची ॲरिझोना ड्रेन्स ही अंध बाई १९२६ मध्ये शिकागोत रेकॉर्ड झाली. तिचं वादन ऐका, डावा हात थेट नाचघरातला आहे आणि शब्द देवाचे. टॉमस डॉर्सी हा आधी ब्लूज वाजवायचा. १९३२ साली बाळंतपणात बायको आणि मूल दोन्ही गेल्यावर त्याने जे गीत केलं, ते आजही जगभर अंत्यविधीला गातात. नाचघराचा सूर चर्चमध्ये नको म्हणून त्यालाही दारं बंद झाली होती. जिनिव्हाच्या चालींना नाच म्हणून चिडवल्याला तेव्हा पावणेचारशे वर्षं झाली होती. तक्रार तीच.

*

आता परत आपल्याकडे. अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत आले आणि १८३१ मध्ये अहमदनगरला त्यांचं केंद्र सुरू झालं. त्यांनी इंग्रजी गीतं मराठीत आणली, चाली मात्र तिकडच्याच. मग १८९५ मध्ये रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि अभंग, ओवी, पदं अशा आपल्या घाटात ख्रिस्ती गीतं लिहिली. (लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचली नसतील तर हा लेख इथेच सोडा आणि ती आधी वाचा.) 'उपासना-संगीत' या मराठी गीतपुस्तकात दोन्ही प्रकार शेजारी शेजारी आहेत.

हे मला दुसऱ्या रविवारी प्रत्यक्ष दिसलं. विलायती चालीच्या गीताला मी पियानोवर. त्यानंतर टिळकांचं एक भजन होतं. एक काका पुढे येऊन पेटीवर बसले, एकाने तबला घेतला, दोघा-तिघांनी टाळ. आणि तीच मंडळी, जी माझ्याबरोबर फरफटत होती, ती अशी काय सुटली म्हणता! जांभईवाली मुलगी टाळ्या वाजवत होती. म्हणजे लोकांना लय नव्हती असं अजिबात नाही. लय मी देत नव्हतो.

आणि ती पेटी? देबँच्याच हार्मोनियमचं भारतीय रूप. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांसारख्या कारागिरांनी पायाचा भाता काढून हाताचा केला, म्हणजे जमिनीवर मांडी घालून वाजवता येईल. स्कॉटलंडला ज्या पेटीचं वावडं होतं तिची धाकटी बहीण इथे भजनात, कीर्तनात, नाटकात, गुरुद्वारात सगळीकडे जाऊन बसली.

तिसऱ्या रविवारी मी मावशींचं ऐकलं. शब्द मनात म्हणत वाजवलं. ओळ संपली की त्यांच्याबरोबर श्वास घेतला, पण ओळीच्या मध्ये थांबलो नाही. मागचा बाक मागे ऐकू येत होता, येऊ दिला. आश्चर्य म्हणजे दुसऱ्या कडव्यापर्यंत तो आपोआप जवळ आला. ८४ काही राहिलं नाही, पण ७८ च्या खाली गेलं नसावं.

मला वाटलं, जिंकलो. मावशी म्हणाल्या, "चांगलं झालं. आता पुढच्या वेळी शेवटच्या आधीच्या कडव्याला हात उचल."

"म्हणजे?"

"म्हणजे वाजवू नकोस. बघ काय होतं."

"आणि बंद पडले तर?"

"तर मग इतके दिवस तूच गात होतास असं समज."

गेल्या रविवारी मी हात उचलले. छातीत धडधड होत होती, प्रॉडक्शन सर्व्हर मुद्दाम बंद करताना होते तशी. अर्धी ओळ आवाज जरा चाचरला. पुढच्या बाकावरच्या एक-दोघांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मग गाणं चालू राहिलं. नुसते गळे. शंभरेक माणसं, कुणी बेसूर, कुणी पुढे, कुणी मागे, एक म्हातारे आजोबा शेवटच्या बाकावरून सगळ्यांपेक्षा मोठ्याने आणि सगळ्यांपेक्षा उशिरा. इतके दिवस माझ्याच आवाजाखाली मला हे ऐकू आलं नव्हतं. मी शेवटच्या कडव्याला परत हात ठेवले तेव्हा पट्टीसुद्धा फारशी उतरली नव्हती.

मी तो धर्म मानत नाही. गीतातले अर्धे शब्द मला नवे होते. पण त्या एका कडव्यात स्पर्जनला कशाची काळजी होती ते कळलं आणि अलेक्झांडरला पियानो का हवा होता तेही.

दोन आठवड्यांनी मावशींचं प्लास्टर निघतंय. डॉक्टरांनी नंतर फिजिओथेरपी सांगितलीय, म्हणून त्या मला म्हणाल्या, "आणखी महिनाभर ये की." मी हो म्हटलंय. आईला अजून पटलेलं नाही, की तिथे मुलगी नाही.

असो. लॅपटॉप बंद करतो, उद्याच्या चार गीतांपैकी दोन अजून वाजवून बघायचीत.